देशाबाहेर काढण्याआधी नकाराचा कागद हाती द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशी नागरिकांना शोधून देशाबाहेर काढण्याच्या मोहिमेविषयी गेले काही महिने आपल्या दैनिकात बातम्या येत आहेत आणि त्यांवर वाचकांची पत्रेही छापून येत आहेत. काही पत्रलेखकांना ही कारवाई फार संथ वाटते, तर काहींना ती निर्दय वाटते. कोणाला ठेवावे आणि कोणाला पाठवावे, या वादात मला आज पडायचे नाही. माझा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे आणि तो कोणत्याही पत्रात आलेला मला दिसला नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ‘मला परत पाठवलेत तर माझ्या जिवाला धोका आहे’ असे सांगणाऱ्या माणसाला सरकारने नकार दिला, तर तो नकार न्यायालयाला तपासता येईल अशा स्वरूपात असला पाहिजे, आणि त्या तपासणीपुरते दिवस त्या माणसाला मिळाले पाहिजेत. आज आपल्याकडे या दोन्ही गोष्टींची कायद्याने हमी नाही.

मी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सुमारे तीस वर्षे वकिली केली. त्यातली बरीच वर्षे तडीपारीची प्रकरणे चालवण्यात गेली. मराठीत ‘हद्दपार’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे प्रथम तडीपार केलेला गावगुंडच येतो, आणि ती तुलना येथे उपयोगाची आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ खाली एखाद्याला जिल्ह्याबाहेर काढायचे असेल, तर कलम ५९ प्रमाणे त्याच्यावरील आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप त्याला लेखी कळवावे लागते आणि खुलाशाची वाजवी संधी द्यावी लागते. त्याला आपले साक्षीदार आणता येतात, वकील देता येतो. ही तडीपारी दोन वर्षांहून अधिक काळाची असू शकत नाही. आदेशाविरुद्ध तीस दिवसांच्या आत राज्य सरकारकडे अपील करता येते, आणि तेथे दाद मिळाली नाही तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करता येते. असे आदेश रद्द झालेले मी स्वतः कितीतरी वेळा पाहिले आहेत. कधी नोटिशीत एक गुन्हा आणि आदेशात दुसराच गुन्हा असे, कधी साक्षीदारांचे गोपनीय जबाब आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याने वाचल्याची खूणही कागदावर नसे, तर कधी दोन वर्षांची कमाल मुदत का लावली याचे अवाक्षर नसे. जालना जिल्ह्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी असाच आदेश रद्द केला आणि तडीपारी हा असाधारण उपाय असल्याने अधिकाऱ्याने विचारपूर्वक निर्णय घेतला आहे हे आदेशावरून दिसले पाहिजे, असे बजावले.

नागपूर जिल्ह्यातून काढलेला माणूस फार तर भंडाऱ्याला किंवा वर्ध्याला नातेवाइकाकडे जाऊन राहतो. त्याच्यासाठी आपल्या कायद्याने एवढी व्यवस्था केली आहे आणि ती योग्यच आहे. ज्या माणसाला विमानात बसवून तुरुंगवासाच्या, छळाच्या किंवा मृत्यूच्या शक्यतेकडे पाठवायचे आहे, त्याच्यासाठी यातले काय आहे?

या प्रश्नाशी माझी गाठ वकिलीच्या उत्तरार्धात पडली. पश्चिम आशियातील एका देशातून शिकायला आलेला एक तरुण माझ्याकडे आला. त्याचा व्हिसा संपला होता, मायदेशी युद्ध पेटले होते, आणि त्याच्या घरातील दोघांना तेथील एका सशस्त्र गटाने उचलून नेले होते. त्याने संबंधित कार्यालयाकडे अर्ज करून हे सारे मोडक्या इंग्रजीत लिहून दिले होते. उत्तरादाखल त्याला एक छापील नोटीस मिळाली. तिच्यात नाव आणि पारपत्र क्रमांक हाताने भरलेला होता आणि सात दिवसांत देश सोडावा, एवढाच मजकूर होता. त्याच्या अर्जाचा उल्लेखही नव्हता. तो अर्ज कोणी वाचला का, वाचला असेल तर धोका खोटा वाटला की खरा वाटूनही पुरेसा वाटला नाही, हे कळायला मार्ग नव्हता. मी याचिका लिहायला बसलो तेव्हा मला जाणवले की आव्हान द्यायला माझ्यापुढे निर्णयच नाही. कारणे प्रथमच उमटली ती न्यायालयात दाखल झालेल्या उत्तराच्या प्रतिज्ञापत्रात, आणि ती तिथे बसून रचलेली होती हे वाचताक्षणी कळत होते. प्रशासकीय आदेशाची वैधता त्यात नमूद केलेल्या कारणांवरूनच जोखायची असते, नंतर प्रतिज्ञापत्राने नवी कारणे जोडता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच मोहिंदरसिंग गिल प्रकरणात सांगून ठेवले आहे. खंडपीठाने आम्हाला मुदत दिली आणि त्या मुदतीत तो तरुण तिसऱ्या एका देशात जाऊ शकला. त्याला नागपूर माहीत होते, वकील शोधण्याइतके मित्र होते आणि नोटिशीत सात दिवस होते. यातले एक जरी नसते तरी त्याची याचिका न्यायालयापर्यंत पोहोचली नसती.

न्यायालयाची ही तपासणी, म्हणजे न्यायिक पुनर्विलोकन, हे अपील नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे, कारण त्याविषयी वाचकांत मोठा गैरसमज आढळतो. रिट याचिकेत उच्च न्यायालय ‘हा माणूस निर्वासित आहे का’ हे स्वतः ठरवत नाही. निर्णय घेणाऱ्याला तो अधिकार होता का, त्याने संबंधित माणसाचे म्हणणे ऐकले का, महत्त्वाचा पुरावा नजरेआड केला का, असंबद्ध गोष्टींवर भर दिला का, आणि कोणताही समंजस अधिकारी पोहोचणार नाही अशा निष्कर्षाला तो पोहोचला का, एवढेच ते पाहते. दोष आढळला तर आदेश रद्द होतो आणि प्रकरण बहुधा फेरविचारासाठी परत जाते. म्हणूनच या अधिकारक्षेत्राचे सारे बळ तपासायला लेखी निर्णय असण्यावर अवलंबून असते. कारणांशिवाय दिलेला नकार न्यायालयापुढे आला, तर न्यायमूर्तींना एकतर सरकारी वकिलांच्या तोंडी सांगण्यावर विसंबावे लागते, नाहीतर अर्जदाराच्या शब्दावर. आणि या दोन्ही गोष्टी म्हणजे तपासणी नव्हे.

आपल्या न्यायालयांनी या विषयात काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रवास लांबचा आहे. कलकत्त्यात अटक झालेल्या एका जर्मन नागरिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने सरकारला परदेशी माणसाला घालवण्याचा निरंकुश अधिकार दिला आहे, असे म्हटले होते. १९९१ साली, १९३७ पासून भारतात राहणाऱ्या एका बेल्जियन मिशनऱ्याच्या प्रकरणातही परदेशी नागरिकाला येथे राहण्याचा व वसण्याचा मूलभूत हक्क नाही हेच कायम राहिले, मात्र जीवित आणि स्वातंत्र्याचे अनुच्छेद २१ चे संरक्षण त्यालाही आहे हे मान्य झाले. दरम्यान मनेका गांधी प्रकरणाच्या १९७८ च्या निकालाने त्याच अनुच्छेदातील ‘कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती’ या शब्दांचा अर्थच बदलला होता. ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, हे आता शाळेच्या नागरिकशास्त्रातही शिकवले जाते. ९ जानेवारी १९९६ रोजी सरन्यायाधीश अहमदी यांच्या पीठाने अरुणाचल प्रदेशातील सुमारे ६५ हजार चकमा निर्वासितांच्या बाबतीत निकाल देताना, नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण करण्यास राज्य बांधील आहे असे सांगितले आणि त्यांना ‘चालते व्हा’ अशा धमक्या देणाऱ्या संघटनांपासून संरक्षण देण्याचा आदेश दिला.

त्या निकालानंतर उच्च न्यायालये धीटपणे पुढे गेली. भूजच्या चौकशी केंद्रात ठेवलेल्या दोन इराकी तरुणांच्या याचिकेत गुजरात उच्च न्यायालयाने १९९८ साली असे मानले की, राष्ट्रीय सुरक्षेला बाधा येत नसेल तोवर छळाच्या भूमीत परत न ढकलण्याचे तत्त्व अनुच्छेद २१ मध्येच सामावलेले आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये म्यानमारमधील चिन समाजाच्या निर्वासितांच्या बाबतीत तेच म्हटले, आणि विशेष म्हणजे हे अर्जदार अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून बाहेर आलेले होते. त्यांचे म्हणणे ऐकावे आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाशी विचारविनिमय करून तिसऱ्या देशाचा पर्याय पाहावा, असा आदेश झाला. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण सहानुभूती वाटावी अशा माणसाचे म्हणणे कोणीही ऐकते; तत्त्वाची परीक्षा नकोशा वाटणाऱ्या अर्जदाराच्या वेळीच होते. ३ मे २०२१ रोजी मणिपूर उच्च न्यायालयाने, ज्येष्ठ वकील नंदिता हक्सर यांनी केलेल्या याचिकेत, लष्करी बंडानंतर सीमा ओलांडून आलेल्या सात म्यानमारी व्यक्तींना, ज्यांत पत्रकार आणि त्यांचे कुटुंबीय होते, दिल्लीतील उच्चायुक्त कार्यालयापर्यंत सुखरूप जाऊ देण्याचा आदेश दिला.

मात्र त्याच्या महिनाभर आधी, ८ एप्रिल २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा एक अंतरिम आदेश आला होता आणि आज प्रत्येक प्रकरणात सरकारी बाजू तोच पुढे करते. जम्मूत ताब्यात घेतलेल्या रोहिंग्यांची पाठवणी थांबवावी, असा तो अर्ज होता. आमच्या नागपूरचे सुपुत्र सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने अनुच्छेद १४ (समानता) आणि २१ चे संरक्षण सर्वांना आहे हे मान्य केले, पण परत न पाठवले जाण्याचा हक्क हा देशात राहण्याच्या व वसण्याच्या हक्काला, म्हणजे अनुच्छेद १९ मधील केवळ नागरिकांच्या हक्काला, जोडलेला आहे असे म्हणून स्थगिती नाकारली. या मांडणीशी मी आदरपूर्वक असहमत आहे. एखाद्या घरात राहण्याचा हक्क मला नसेल. तरी घरमालकाने मला तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकू नये, हा माझा हक्क त्या घराच्या मालकीवर अवलंबून नसतो. येथे राहू द्या, ही मागणी वेगळी आणि जेथे माझा जीव जाईल तेथेच नेऊन सोडू नका, ही मागणी वेगळी. दुसऱ्या मागणीचे नाते थेट अनुच्छेद २१ शी आहे.

पण आज माझा भर त्या आदेशाच्या शेवटच्या वाक्यावर आहे, कारण वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ते हरवले. अशा पाठवणीसाठी विहित केलेली कार्यपद्धती पाळल्याशिवाय या लोकांना परत पाठवू नये, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट म्हटले आहे. मग ही विहित कार्यपद्धती कोठे लिहिलेली आहे? मी ती शोधत गेलो.

१९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताने सही केलेली नाही. छळाविरुद्धच्या करारावर १९९७ साली सही केली, पण त्याला अद्याप अनुसमर्थन, म्हणजे अंतिम मान्यता, दिलेले नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या करारात आपण १९७९ साली सामील झालो. देशांतर्गत कायद्याकडे वळावे तर १ सप्टेंबर २०२५ पासून जुने चार कायदे जाऊन त्यांच्या जागी इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा, २०२५ आला आहे. व्हिसा, नोंदणी, विमान कंपन्यांची जबाबदारी, शिक्षा, असे सारे त्यात आहे. जिवाच्या भीतीने आश्रय मागणाऱ्याने अर्ज कोणाकडे करावा, तो कोणी ऐकावा आणि नाकारला गेला तर अपील कोणाकडे करावे, यासाठी मात्र त्यात एकही कलम नाही. हाती उरते ती केंद्रीय गृह मंत्रालयाची डिसेंबर २०११ ची आणि २०१९ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक कार्यप्रणाली. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती सकृद्दर्शनी दिसत असेल, तर सुरक्षाविषयक पडताळणी करून दीर्घ मुदतीच्या व्हिसाची शिफारस करता येते, असे ती म्हणते. हे चांगलेच आहे. पण तो प्रशासकीय सूचनांचा संच आहे, संसदेने केलेला कायदा नाही, आणि त्यातून अपिलाचा कोणताही वैधानिक हक्क निर्माण होत नाही.

म्यानमार, अफगाणिस्तान, सोमालिया अशा देशांतून आलेल्यांचे अर्ज प्रत्यक्षात दिल्लीत निर्वासित उच्चायुक्तांचे कार्यालय तपासते. तेथील अधिकारी मनापासून काम करतात. परंतु ते संयुक्त राष्ट्रांचे अंग आहे, १९४७ च्या कायद्याने त्याला आपल्या न्यायालयांपासून उन्मुक्ती आहे आणि त्याने नकार दिला तर दाद त्याच कार्यालयात मागावी लागते. एकीकडे भारत सरकार त्या कार्यालयाच्या ओळखपत्राला बंधनकारक मानत नाही, दुसरीकडे त्या कार्यालयाच्या नकाराला आपले न्यायालय हात लावू शकत नाही. अर्जदार या दोहोंच्या मध्ये उभा असतो.

आपल्याच राज्यातले उदाहरण पाहा. पुण्यात राहणाऱ्या आणि उच्चायुक्तांचे निर्वासित-पत्र जवळ असलेल्या एका येमेनी नागरिकाला पोलिसांनी देश सोडण्याची नोटीस दिली, म्हणून तो ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. व्हिसाची मुदत कैक वर्षांपूर्वी संपली होती. ऑस्ट्रेलियाला जाण्याची तजवीज होईपर्यंत थांबू द्यावे, एवढीच त्याची विनंती होती. सुनावणीतील तोंडी शेऱ्यांची बातमी सर्वत्र गाजली. मला त्या शेऱ्यांवर काही म्हणायचे नाही. मला खटकते ते हे की, येमेनमधील धोक्याविषयी त्याचे म्हणणे कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या पुराव्यावर आणि कोणत्या कारणासाठी फेटाळले, हा प्रश्न चर्चेत कोठेच नव्हता. साऱ्या चर्चेत केवळ व्हिसा होता.

आता वेळेचा मुद्दा घेतो, कारण माझ्या मते खरी मेख तेथेच आहे. ४ ऑक्टोबर २०१८ रोजी आसाममधील सिल्चर येथे २०१२ पासून कोठडीत असलेल्या सात रोहिंग्यांची पाठवणी रोखण्याची विनंती सर्वोच्च न्यायालयाने सकाळी ऐकली आणि नाकारली. त्याच दिवशी मणिपूरमधील मोरेह येथे त्यांना म्यानमारच्या ताब्यात दिले गेले. सहा वर्षे ते कोठडीत होते. त्या सहा वर्षांत त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून लेखी निर्णय देता आला असता, त्यावर उच्च न्यायालयाची छाननी होऊ शकली असती, आणि तरीही पाठवायचे ठरले असते तर कोणाला बोट ठेवायला जागा उरली नसती. प्रत्यक्षात सहा वर्षांच्या कोठडीनंतर सुनावणी झाली ती शेवटच्या सकाळी.

दुसरे उदाहरण आश्रयाचे नाही, नागरिकत्वाचे आहे; पण धडा तोच आहे. जून २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील एका गरोदर स्त्रीला तिच्या कुटुंबासह दिल्लीत ताब्यात घेऊन काही दिवसांतच बांगलादेशात ढकलण्यात आले. गृह मंत्रालयाच्या मे २०२५ च्या सूचनांप्रमाणे तीस दिवसांची पडताळणी व्हायला हवी होती. सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती पाठवणी रद्द ठरवली, घाईवर कडक ताशेरे ओढले आणि चार आठवड्यांत परत आणण्याचा आदेश दिला. तरीही ती आणि तिचा लहान मुलगा परत आले ते डिसेंबरमध्ये, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन तेथे केंद्राने मानवतेच्या भूमिकेतून तयारी दाखवल्यावर. मधले काही महिने तिने परक्या देशाच्या तुरुंगात काढले. त्याच जून महिन्यात महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या काही बंगाली कामगारांनाही असेच सीमेपलीकडे ढकलले गेले आणि त्यांच्या राज्य सरकारने धावपळ केल्यावर ते परतले. हे लोक शेजारच्या देशात होते, त्यांच्या बाजूने एक राज्य सरकार होते, आणि ते जिवंत होते. छळ करणाऱ्या राजवटीच्या हाती दिलेल्या माणसाच्या बाबतीत उच्च न्यायालयाने नंतर आदेश रद्द केला, तर तो आदेश बजावायचा कोणाला?

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला, याचे एक उदाहरण आपल्याशी संबंधित आहे. कॅनडात १९८० च्या दशकापर्यंत आश्रयाचा अर्ज बहुतांशी कागदांवरच निकालात निघे, अर्जदाराला निर्णय घेणाऱ्यासमोर बसून बोलण्याचा हक्क नव्हता. त्याविरुद्ध प्रामुख्याने भारतातून गेलेल्या शीख अर्जदारांनी दाद मागितली आणि ४ एप्रिल १९८५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत अवैध ठरवली. न्यायमूर्ती बर्था विल्सन यांनी असे म्हटले की, हक्कांच्या सनदेतील ‘प्रत्येक जण’ या शब्दांत कॅनडाच्या भूमीवर प्रत्यक्ष उपस्थित असलेला प्रत्येक माणूस येतो. आपल्या अनुच्छेद २१ मध्ये ‘नागरिक’ हा शब्द नाही, ‘व्यक्ती’ हा शब्द आहे, हे येथे आठवावे. आज त्या देशात स्वतंत्र मंडळ प्रत्यक्ष सुनावणी घेते, २०१२ पासून अपील विभाग आहे आणि त्याच्या नकाराविरुद्ध पंधरा दिवसांत फेडरल न्यायालयाकडे पुनर्विलोकनाची परवानगी मागता येते. परवानगीची चाळणी कडक आहे आणि बहुसंख्य अर्ज तेथेच संपतात. परंतु अपील विभागाच्या नकाराविरुद्ध वेळेत अर्ज केला, तर न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत पाठवणी सर्वसाधारणपणे आपोआप थांबते. इंग्लंडमध्ये न्यायाधीश लॉर्ड ब्रिज यांनी १९८७ साली एका निकालात सांगितले की, ज्या निर्णयामुळे अर्जदाराचा जीव धोक्यात येऊ शकतो त्याची छाननी सर्वांत अधिक काळजीने झाली पाहिजे. तो अर्जदार युगांडाचा होता आणि त्याला केनियाला पाठवायचे होते. केनियातून पुढे त्याला युगांडात ढकलले जाईल का, याचा गृह खात्याने नीट विचारच केला नव्हता, म्हणून निर्णय रद्द झाला.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्हींची मी कदर करतो. पहिला सुरक्षेचा आहे. गुप्तवार्ता खात्याची माहिती अर्जदाराला जशीच्या तशी देता येणार नाही, हे मान्य. पण तडीपारीतही गोपनीय साक्षीदारांची नावे उघड होत नाहीत, आरोपांचे सर्वसाधारण स्वरूपच सांगतात, आणि ते मूळ जबाब न्यायालय स्वतः वाचू शकते. जी पद्धत सत्तर वर्षे गावगुंडांच्या बाबतीत चालली, ती येथे का चालू नये? दुसरा आक्षेप विलंबाचा आहे. याचिका केवळ मुक्काम लांबवण्यासाठी होतील, असे म्हटले जाते. तशा काही होतीलही. हाँगकाँगच्या उच्च न्यायालयाला अशा अर्जांच्या ओझ्याने खरोखरच जेरीस आणले आहे. त्यावरचा उपाय मुदती आखडत्या ठेवणे आणि प्राथमिक सुनावणीतच निराधार याचिका काढून टाकणे हा आहे. आणि विलंबाचा अनुभव सांगायचा तर, कारण नसलेला आदेश तपासायला न्यायालयाला चार तारखा लागतात. कारणे नीट लिहिलेला आदेश एका तारखेत कायम होतो. प्रामाणिक अधिकाऱ्याचे संरक्षणही त्यातच असते.

आपण लोकांना आश्रय देतच नाही, असा माझा आरोप नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४० च्या दशकात हजारो पोलिश निर्वासित राहिले, आणि गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडच्या पायथ्याशी तिबेटी वसाहत पन्नासहून अधिक वर्षे नांदते आहे. तेथील लोकांशी माझा परिचय आहे. १ सप्टेंबर २०२५ च्याच एका आदेशाने केंद्राने तिबेटींना, तसेच ९ जानेवारी २०१५ पूर्वी आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळ निर्वासितांना, नव्या कायद्याच्या काही तरतुदींतून सूट दिली. या औदार्याचा मला अभिमान आहे. परंतु ज्याच्यासाठी असा आदेश निघालेला नाही, त्या एकट्यादुकट्या माणसाचे काय, हा प्रश्न उरतोच. सूट मिळणे हे सरकारच्या मनावर असते. आपले म्हणणे ऐकले जाणे आणि नकाराची कारणे कळणे हे सरकारच्या मनावर असता कामा नये. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका परदेशी नागरिकाला पाठवणीची कारणे कळवण्याचा आणि त्याचे निवेदन विचारात घेण्याचा आदेश दिला होता. ते एका प्रकरणापुरते राहिले, त्याचा नियम झाला नाही.

शशी थरूर यांनी २०१५ साली लोकसभेत आश्रयविषयक खासगी विधेयक मांडले होते. संसद असा पूर्ण कायदा करील तेव्हा करील, पण तोवर थांबण्याचे कारण नाही. नव्या कायद्याने केंद्र सरकारला नियम करण्याचा अधिकार दिलेला आहे आणि एक छोटा नियम आजही करता येईल. परत पाठवल्यास जिवाला किंवा शरीराला धोका आहे असे जो सांगेल, त्याचे म्हणणे दुभाष्याच्या मदतीने नोंदवून घ्यावे. नकार द्यायचा असल्यास कारणांसह लेखी आदेश काढून त्याला समजणाऱ्या भाषेत समजावून सांगावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला त्याच दिवशी कळवावे. आणि आदेश हाती पडल्यापासून किमान पंधरा दिवस, तसेच त्या मुदतीत याचिका दाखल झाल्यास तिची पहिली सुनावणी होईपर्यंत, त्याला देशाबाहेर नेऊ नये. विधी सेवा प्राधिकरणाचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे. कोठडीत असलेल्या व्यक्तीला मोफत विधी साहाय्य देण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे आणि तिच्यात नागरिकत्वाची अट नाही. तरीही माझ्या तीस वर्षांत परदेशी माणसाचे असे एकही प्रकरण मला प्राधिकरणामार्फत आले नाही. कोठडीत असा कोणी आहे हे प्राधिकरणाला कोणी कळवतच नसे.

महाराष्ट्र सरकारला तर केंद्राच्या नियमाची वाट पाहण्याचीही गरज नाही. देश सोडण्याच्या नोटिसा प्रत्यक्ष बजावतात ते आपलेच पोलीस. त्या छापील नोटिशीत ‘आपल्या अर्जावरील निर्णय व त्याची कारणे’ असा एक रकाना वाढवावा आणि खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक छापावा, अशी विनंती मी गृह विभागाला स्वतंत्र पत्राने करीत आहे. त्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वकील, नागपूर